फोटोपुरतं थांबलेलं मशीन

मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईला नव्वदचं दशक संपत असताना विरारमध्ये दोनच कामं मिळत होती, शिकवण्या आणि टायपिंग. शिकवण्या मी वर्षभर घेतल्या. फुलपाड्यातल्या आमच्या दीड खोलीत संध्याकाळी अकरा मुलं बसायची, आणि नवरा कामावरून आला की त्याला बूट काढायला जिन्यात थांबावं लागायचं. त्यानंच एक दिवस वसई पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्याचा पत्ता आणून दिला. तिथे टायपिस्ट हवी होती.

गाळ्याचे मालक मूळचे साताऱ्याकडचे. त्यांना सगळे शेठ म्हणत. शेठ हे त्यांचं आडनाव नव्हतं, त्यांनीच सुरू केलेली प्रथा होती. पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "इथं मला सगळे शेठ म्हणतात," आणि मी "बरं, शेठ" म्हणेपर्यंत ते माझ्याकडे बघत थांबले. टेबलाच्या काचेखाली त्यांचे स्वतःचेच सात-आठ फोटो होते. एका फोटोत ते एका परदेशी माणसाच्या शेजारी उभे होते. तो माणूस कोण, हे मी चार वर्षांत तीनदा विचारलं आणि मला तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली.

गाळ्यात सँडब्लास्टिंगची भांडी बनत. उभी लोखंडी टाकी, तिच्यात वाळू, कॉम्प्रेसरची हवा, लांब रबरी नळी आणि नळीच्या टोकाला तोटी. हवेबरोबर वाळू सुसाट बाहेर पडते आणि लोखंडावरचा गंज उडवते. ही भांडी खऱ्या अर्थानं बनवणारा माणूस म्हणजे आमचे फिटर. जूचंद्रचे होते, पन्नाशी उलटलेले. मी त्यांना काका म्हणायची, ते मला बाय म्हणायचे. तरुणपणी मुंबईच्या गोदीत जहाजांचे पत्रे ब्लास्ट करण्यात त्यांचा डावा कान गेला होता, आणि उजवाही पाऊण गेलेला होता. त्यामुळे ते ओरडून बोलत. शेठही ओरडून बोलत, पण त्यांचे कान शाबूत होते.

एक दिवस टेम्पोतून एक विलायती मशीन दुरुस्तीला आलं. हातगाडीसारखं ढकलायचं, मागे दांडा, पुढे लोखंडी पेटी, वर मोटर. मुंबईत कारखान्यांच्या जमिनी रंगवणाऱ्या एका कंत्राटदाराचं होतं. त्याचं एक बेअरिंग गेलं होतं. काकांनी मोटर हातानं फिरवून बघितली आणि म्हणाले, "दोन दिसांचा काम."

शेठनी मशीनभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. मग मला केबिनमध्ये बोलावून पत्र सांगितलं की, आपल्या यंत्राचं बेअरिंग परदेशातून मागवावं लागत असून त्यास सहा आठवडे लागतील. ते बेअरिंग वसई स्टेशनजवळच्या दुकानात मिळायचं. काका ते त्याच दिवशी घेऊनही आले होते. ते माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून सहा आठवडे राहिलं.

त्या सहा आठवड्यांना शेठ संशोधन म्हणत. संशोधन असं चाले की काका एकेक भाग खोलायचे, मी टेप धरायची, मापं वहीत लिहायची आणि शेजारी चित्र काढायची. शेठ दुपारी येऊन वही बघायचे आणि म्हणायचे, "अरे वा, आपली डिझाइन पुढे सरकतेय."

मला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. काकांनी शिकवलं. जूचंद्रच्या माणसाला मोकळी जमीन दिसली की रांगोळी सुचते असं म्हणतात. काकांनी गाळ्याच्या जमिनीवर खडूनं अख्खं मशीन उभं कापलेलं काढून दाखवलं.

"ही वरची टाकी. हिच्यात छर्रे. पोलादाचे, साबुदान्यापरीस बारीक. दांड्याला ही कल हाय, ती ओढली का झडप उघडते आन छर्रे खाली चाकात पडतात." चाक त्यांनी मोठं काढलं. पंख्यासारखं, पण उभं, आणि सगळी पाती जाड. "मोटर या चाकाला फिरवते. छर्रे मधी पडतात, पात्यावरनं सरकत भायेर जातात आन बंदुकीवानी सुटतात. खाली कोबा. कोब्यावर आदलतात."

"कोब्याचं काय होतं?"

"दुधावर साय येते ना, तशी सिमेटची पन येते. वरची नरम, पोकल. तिच्यावर रंग लावला का सायीसकट निंगतो. छर्रे ती साय उडवतात. खालचा खरखरीत कोबा उघडा झाला का रंग धरून बसतो."

खरी गंमत त्यापुढे होती. कोब्यावर आदळलेले छर्रे तिथेच पडत नाहीत. उसळी मारून समोरच्या वाकड्या वाटेनं परत वर चढतात. त्यांच्याबरोबर धूळही वर येते. वर एका जाड नळीनं हवा ओढली जात असते, ती हलकी धूळ घेऊन जाते आणि जड छर्रे पुन्हा टाकीत पडतात. तेच छर्रे पुन्हा चाकात, पुन्हा कोब्यावर. धूळ नळीतून बाजूच्या दुसऱ्या पेटीत जाते, तिथे कापडी पिशव्यांमध्ये अडकते. म्हणजे हे सगळं चक्र नीट जमलं तर मशीन पुढे ढकलत जायचं आणि मागे स्वच्छ, करड्या रंगाचा पट्टा उमटत जायचा. मला ते फार आवडलं. बी.ए.ला मला इतकं स्वच्छ काही कुणी समजावलं नव्हतं.

विलायती मशीन परत गेलं, आणि आमचं सुरू झालं. पहिल्यांदा शेठनी त्यात सुधारणा केली. मूळ मशीनमध्ये चाक छर्रे तिरके मारायचं. शेठचं म्हणणं, तिरकं मारणं ही गोऱ्यांची चूक आहे, सरळ खाली मारलं तर जोर जास्त लागेल.  काकांनी कोपऱ्यातला एक रबरी चेंडू आणला, शेठसमोर उभे राहिले आणि सरळ खाली आपटला. तो उसळून त्यांच्याच हातात आला. मग तिरका आपटला. तो उसळून शेठच्या पोटावर बसला.

"छर्रे पुढं जायला पायजेत शेठ," काका म्हणाले. "चाकात परत आले तर चाकच खातील."

शेठ म्हणाले, "माझ्या डोक्यात वेगळंच आहे," आणि सरळ मारणारं मशीन बनवलं गेलं. ते चालू केल्यावर पाच मिनिटांत आतून असा आवाज आला की शेजारच्या गाळ्यातला लेथवाला लेथ बंद करून बघायला आला. उघडून बघितलं तर दोन पाती वाकली होती आणि तिसऱ्याचा टवका उडाला होता. दुसऱ्या दिवशी शेठ आले ते म्हणत, "मी रात्रभर विचार केला. तिरकं मारलं पाहिजे." काकांनी मान हलवली आणि वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

दुसरी सुधारणा चुंबकांची. मूळ मशीनच्या पोटाखाली चारी बाजूंनी ब्रश होते आणि ब्रशांच्या आत चुंबकाच्या पट्ट्या, म्हणजे एखादा छर्रा फटीतून निसटायला बघेल तर चुंबक त्याला धरून ठेवेल. शेठ म्हणाले, ब्रश आहेत तर चुंबक कशाला. चाचणीच्या दिवशी ते मशीनसमोर हाताची घडी घालून उभे राहिले, बहुधा कुणी फोटो काढील म्हणून. ब्रशाखालून छर्रे सुटले आणि त्यांच्या नडगीवर बसले. शेठ एका पायावर केबिनपर्यंत गेले. आठवड्याभरात काकांनी भंगारवाल्याकडून जुने, फाटके लाउडस्पीकर आणले आणि त्यांतली गोल चुंबकं काढून मशीनच्या पोटाखाली ओळीनं बसवली. छर्रे आतच राहायला लागले. शेठ त्याला "आपली खास चुंबकीय प्रणाली" म्हणायला लागले.

मग मला काम आलं. "मॅडम, तुम्ही मराठीवाल्या आहात. एक पुस्तिका लिहा. मशीन कसं चालवायचं, सगळं."

माझ्या आयुष्यातलं पहिलं पुस्तक म्हणून मी ते मन लावून लिहिलं. काकांना प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. शेवटी सावधगिरीच्या एकवीस सूचना झाल्या. त्यात काकांनी एक माझ्याकडून दोनदा लिहून घेतली आणि खाली रेघ मारायला लावली. मशीन पुढे सरकत नसेल तेव्हा झडप बंद हवी. चालतं मशीन एका जागी उभं राहिलं तर छर्रे त्याच जागी मारत राहतात आणि कोबा खणतात.

शेठनी पुस्तिका वाचली आणि लाल पेन काढलं. एकवीस सूचनांच्या तीन झाल्या. मशीन पाण्यानं धुऊ नये, विजेची जोडणी जाणकाराकडून करून घ्यावी, मशीन स्वच्छ ठेवावं.

"शेठ, झडपेची सूचना तरी ठेवा," मी म्हटलं.

"एवढ्या सूचना बघून गिऱ्हाइकाला वाटेल मशीन धोक्याचं आहे."

"पण आहेच ना."

"ते त्याला घेतल्यावर कळेल."

कापलेल्या जागी त्यांनी एक परिच्छेद सांगितला. त्यात 'दीर्घ संशोधनातून साकारलेले' आणि 'संपूर्ण स्वदेशी' असे शब्द होते. मी ते टाइप केले. शब्दांना खोट्याच्या नोकरीला लावायची माझी काही ती पहिली वेळ नव्हती.

आता प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. वसई पश्चिमेच्या एका गावातल्या चर्चला लग्नाकार्यासाठी एक हॉल होता. त्याच्या जमिनीवरचा जुना रंग पापड सुटावेत तसा सुटत होता आणि लग्नात नाचणारे लोक त्याच्यावर घसरत होते. चर्चचे फादर रंग काढून नवा टिकाऊ रंग द्यायच्या विचारात होते. शेठनी त्यांना सांगितलं की जुना रंग आणि साय आम्ही फुकट काढून देऊ, फक्त त्या दिवशी चार पाहुणे बघायला येतील. फादर बारीक, पांढऱ्या केसांचे, शांत गृहस्थ होते. घरात ते आईशी वसईच्या बोलीत बोलत असतील, पण आमच्याशी असं शुद्ध मराठी बोलत की मला माझ्या पदवीची लाज वाटायची. ते म्हणाले, "आपली हरकत नसेल तर आमचीही नाही. फक्त हॉलचं नुकसान होऊ देऊ नका."

"नुकसान?" शेठ हसले. "फादर, हे मशीन म्हणजे मोरपीस आहे."

प्रात्यक्षिकाच्या सकाळी आम्ही टेम्पोतून मशीन नेलं. पाहुणे पाच होते. जमिनींची कामं घेणारे चार कंत्राटदार, त्यातला एक भिवंडीचा, आणि एका औषध कारखान्याचा देखभाल पाहणारा साहेब. शिवाय मनवेलपाड्यातला एक फोटोग्राफर. तो मुख्यतः लग्नांचे फोटो काढायचा. शेठना पुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी फोटो हवा होता.

काकांनी डोळ्यांवर चष्मा लावला, कानांत कापूस घातला आणि मशीन सुरू केलं. आधी धुळीच्या पेटीचा पंखा, मग चाक, चाकानं वेग धरला की मग कळ ओढून झडप, आणि झडप उघडताक्षणी पुढे चालायला सुरुवात. भिंतीपाशी पोचण्याआधी झडप बंद, वळण, पुन्हा झडप. ते मशीन असं चालवत होते की जणू जमीन सारवताहेत. जुन्या निळ्या रंगातून करडा पट्टा निघाला, त्याच्या शेजारी दुसरा. धूळ जवळजवळ नव्हती. औषधवाले साहेब खाली वाकले, बोट फिरवलं, बोट बघितलं आणि मान डोलावली. मला अभिमान वाटला. तेवढ्यात शेठनी कोट घातला.

कोट त्यांनी टेम्पोत हँगरला लावून आणला होता. ते पुढे आले, काकांच्या खांद्यावर थाप मारली आणि दांडा स्वतःच्या हातात घेतला. काका काहीतरी बोलले. मशीनच्या आवाजात ते शेठना ऐकू गेलं नाही, की जाऊ दिलं नाही, कोण जाणे. शेठ दोन पावलं पुढे गेले आणि फोटोग्राफरनं हात वर करून थांबवलं. शेठ थांबले. मशीनही थांबलं. झडप उघडीच होती.

फोटोग्राफर गुडघ्यावर बसला. त्यानं शेठना हनुवटी वर घ्यायला सांगितली, मग थोडी खाली. टाय सरळ करायला सांगितला. एक फोटो काढला. मग हातवारे करून सांगितलं की डोळे मिटले. रोलचा कॅमेरा होता, फोटो कसा आलाय ते बघता यायचं नाही, म्हणून तो खबरदारी म्हणून प्रत्येक पोझ तीनदा घेत असे. नवरदेवांना त्यानं अशीच सवय लावली होती.

काका माझ्याजवळ धुळीच्या पेटीपाशी उभे होते. कानांनी त्यांना काही कळलं नसतं. त्यांना तळपायानं कळलं. ते एकदम खाली बघायला लागले आणि मग पळाले. शेठच्या शेजारी जाऊन कळ बंद करायला हात घातला. शेठनी हसरा चेहरा न हलवता त्यांना कोपरानं ढकललं. ओठांवरून मला कळलं, ते म्हणत होते, "फोटोत येतोयस, बाजूला हो." काकांनी पुन्हा हात घातला. शेठनी पुन्हा ढकललं. फोटोग्राफरही रागावून हात हलवत होता. मग काका वळले, भिंतीपाशी गेले आणि मुख्य स्विच खाली ओढला.

चाक थांबेपर्यंत घरघर चालू राहिली.  शेठ म्हणाले, "वेडबिड लागलंय का याला?" आणि मशीन मागे ओढलं.

खाली खळगा होता. मशीनच्या तोंडाएवढा रुंद, चपातीच्या परातीएवढा लांब, आणि वाटीभर आमटी सहज राहील एवढा खोल. तळाशी खडी दिसत होती. आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे राहिलो.  फादरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

शेठना सुचायला तीन सेकंद लागले असतील. ते पाहुण्यांकडे वळले. "बघितलंत? हे मुद्दाम दाखवलं. हे नुसतं साय काढणारं यंत्र नाही. मनात आणलं तर एका जागी उभं राहून एवढं खोल जातं. ही ताकद तुम्हाला परदेशी मशीनमध्ये मिळणार नाही."

औषधवाले साहेब निमूटपणे निघून गेले. पण भिवंडीचा कंत्राटदार उकिडवा बसून खळग्यात बोटं घालून बघत होता. त्यानं तिथल्या तिथे एक मशीन सांगून ठेवलं. मी माणसांच्या खरेदीबद्दल जे काही शिकले ते त्या दिवशी.

पाहुणे गेल्यावर फादर शेठपाशी आले. "हे मुद्दाम होतं असं मी ऐकलं," ते म्हणाले. "मग मला आधी सांगायला हवं होतं. मी खुर्च्यांऐवजी कारंजं मागवलं असतं."

शेठनी आवाज खाली आणला. "फादर, खरं सांगतो, आमच्या फिटरकडून झडप उघडी राहिली. वय झालंय त्याचं. ऐकू येत नाही. मी त्याला ठेवणार नाही आता."

काका दहा हातांवर वायर गुंडाळत होते. त्यांना ऐकू गेलं नाही. मला गेलं. मी टेम्पोत त्यांना सांगितलं, ओरडून, दोनदा. त्यांनी वायरचं भेंडोळं मांडीवर ठेवलं.

"फोटोत मना घेतला नाय," ते म्हणाले, "खड्ड्यात घेतला."

दुसऱ्या दिवशी शेठनी पत्र सांगितलं. फादरांना द्यायचं. चालकाच्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे हॉलच्या जमिनीस इजा झाली, त्यास कामावरून कमी करण्यात येत आहे, जमीन आम्ही भरून देऊ. त्यांनी ते उभ्याउभ्या सांगितलं आणि बाहेर गेले.

मी टाइपरायटरसमोर बसले. त्या यंत्रावर मी दीड वर्ष खोटं लिहीत होते. बेअरिंग परदेशातून, माल वाटेत, शेठ गावी, सगळं. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं, कारण त्या खोट्यानं कुणाची भाकरी जात नव्हती, असं मी धरून चालले होते. या वेळी ज्यांची जाणार होती ते काका समोर मशीनपाशी बसून भाकरी खात होते. काका सुकट आणि भाकरी आणायचे. त्यांना घरी बायको आणि लग्नाची मुलगी होती.

मला शेठची एक सवय माहीत होती. ते पत्राचं लेटरहेड वाचत, विषय वाचत आणि सही करत. मधला मजकूर हा त्यांच्या मते टायपिस्टचा प्रांत होता. मी विषय त्यांनी सांगितला तसाच ठेवला, 'हॉलच्या जमिनीस झालेल्या इजेबाबत'. त्याखाली माझ्या मराठीत लिहिलं:

"काल झालेल्या नुकसानीस मी स्वतः जबाबदार आहे. यंत्र एका जागी उभे असताना झडप बंद ठेवावी लागते. छायाचित्र काढून घेण्याच्या नादात मी ती उघडी ठेवली. आमच्या फिटरनी ती बंद करण्याचा दोनदा प्रयत्न केला. मी त्यांना अडवले. त्यांनी वीज तोडली नसती तर खळगा याहून खोल झाला असता. त्यांच्या प्रसंगावधानाबद्दल मी त्यांचा ऋणी आहे."

'ऋणी' लिहिताना ऋ नीट उठला नाही. पुन्हा मारला. शेठनी संध्याकाळी सही केली, नेहमीप्रमाणे लफ्फेदार, मजकुरावर अर्धी चढलेली.

 त्या रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "शिकवण्यांची मुलं परत गोळा करायला लाग." तिसऱ्या दिवशी दुपारी फादर स्कूटरवरून आले. हातात पत्र होतं. शेठनी त्यांना केबिनमध्ये बसवलं आणि मला चहा सांगायला बोलावलं. मी दारातच उभी राहिले.

"मी मुद्दाम भेटायला आलो," फादर म्हणाले. "तीस वर्षं लोकांचे कबुलीजबाब ऐकतोय. लोक कुजबुजत कबूल करतात, जाळीआडून. स्वतःची चूक लेटरहेडवर लिहून, खाली सही करून पाठवणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला."

शेठचा चेहरा कोरा होता. त्यांनी हात पुढे केला. फादरांनी पत्र दिलं. शेठनी ते पहिल्यांदाच वाचलं, वरपासून खालपर्यंत. वाचताना त्यांची मान हळूहळू लाल झाली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. तिथे काकांनी खडूनं काढलेल्या चाकाचा अर्धा गोल अजून पुसायचा राहिला होता.

"हं," शेठ म्हणाले. मग फादरांकडे बघितलं, आणि बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. मी तो बदल इतक्या जवळून बघितला आहे की मला आजही त्याचं चित्र काढता येईल. आधी राग गेला, मग हिशेब आला, मग हिशेब गेला आणि त्या जागी थोरपणा येऊन बसला. "फादर, माणसानं खरं बोलावं असं आमचे वडील सांगायचे. आपला माणूस आपण नाही सांभाळायचा तर कुणी?"

फादर गेल्यावर शेठनी मला समोर बसायलाही सांगितलं नाही. "मॅडम, यापुढे पत्र मला वाचून दाखवायचं."

"हो, शेठ."

"आणि ऋ जरा पुसट आलाय."

काकांना काढायचा विषय परत निघाला नाही. निघणार कसा, शेठ त्यांचे लेखी ऋणी होते. पुढच्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाल्यावर हॉल मोकळा झाला, तेव्हा काका आणि मी जाऊन खळगा भरला. फादरांनी केळी आणि चहा दिला. काकांनी कडा छिन्नीनं सरळ करून घेतल्या, राळ आणि वाळूचं मिश्रण भरलं, थापीनं सपाट केलं आणि वर हात फिरवत म्हणाले, "आता कोनाला कलनार बी नाय." कळत होतं. नव्या रंगाखालीही ते ठिगळ वेगळं दिसायचं, पण त्याच्यावर कुणी घसरलं नाही. चुंबकाचा झाडू फिरवूनही काही छर्रे कोपऱ्यांत राहून गेले होते. पावसाळ्यात त्यांना गंज चढला आणि रंगातून तांबूस ठिपके वर आले. फादर म्हणाले, देवी आल्यासारखी दिसते जमीन, पण मजबूत आहे.

शेठनी त्यानंतर दोन-तीन वर्षांत बरीच मशीनं विकली. पहिलं भिवंडीला गेलं आणि तिथूनही दोनदा खड्ड्याची तक्रार आली. दुसऱ्या तक्रारीनंतर झडपेची सूचना पुस्तिकेत परत आली, शेठच्या शब्दांत, 'आमच्या अनुभवान्ती' अशी सुरुवात करून.

मग एकदा विरारमध्ये उद्योजकांच्या कुठल्याशा मेळाव्यात शेठचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. आम्हा सगळ्यांना न्यायला टेम्पो काढला होता. शेठ माइकसमोर उभे राहिले आणि त्यांनी प्रामाणिकपणावर भाषण केलं. एकदा एका चर्चच्या हॉलमध्ये माझ्या हातून चूक झाली, माझ्या कामगारावर सहज ढकलता आली असती, पण मी त्याच दिवशी स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले.

मी आणि काका मागच्या रांगेत बटाटेवडा खात होतो. काकांनी कोपर मारून विचारलं, "काय बोलतो गो तो?"

"तुमच्याबद्दल बोलतायत," मी त्यांच्या उजव्या कानात ओरडले.

"काय?"

"तुमची चूक नव्हती म्हणतायत."

काकांनी वड्याचा घास गिळला. "मंग बरोबर बोलतो," ते म्हणाले, आणि माझ्या प्लेटमध्ये उरलेली चटणी ओढून घेतली.

त्याच वर्षाच्या शेवटी मी नोकरी सोडली. भिवंडीच्या त्याच कंत्राटदारानं आता रंगही बनवायला घेतले होते; त्यानं मला त्या रंगांच्या डब्यांवरच्या सूचना मराठीत लिहायला बोलावलं, घरी बसून करायचं काम होतं. पहिल्याच डब्यासाठी मी सतरा सूचना लिहून पाठवल्या. त्यानं पाच ठेवल्या.